दोन पेढ्यांमधली तार

सांगलीच्या मार्केट यार्डात थोरल्या बंधूंची हळदीची पेढी, साताऱ्यात धाकट्यांचे विक्री-कार्यालय. मध्ये सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर. ट्रंककॉल नोंदवून ताटकळत बसण्याचे दिवस एसटीडीने संपविले खरे; परंतु मग मीटर पळू लागला. सौदे ऐन रंगात असताना साताऱ्याहून भाव विचारला जाई आणि बिलाचा आकडा दरमहा फुगत जाई.

तेव्हा धाकट्यांनी योजना आखली. दोन्हीकडे छोटी खासगी एक्स्चेंजे बसवावयाची, दूरसंचार खात्याकडून कायमची लाइन भाड्याने घ्यावयाची आणि दोन्ही एक्स्चेंजे तिने जोडावयाची. भाडे ठरलेले, मग बोलणे कितीही होवो. लाइन एक पुरेल की दोन लागतील? धाकट्यांनी महिन्याच्या बिलांची सरासरी काढली. थोरल्यांनी मात्र गुमास्त्याकडून आठवडाभर प्रत्येक फोनची वेळ वहीत मांडून घेतली. बहुतेक बोलणे सौद्यांच्या दोन तासांतच होते. लाइन सरासरीवर नव्हे, गर्दीच्या तासावर ठरते; बँकेतील रोकडही पगाराच्या दिवसाकडे पाहूनच ठेवावी लागते. दोन लाइनी ठरल्या.

खरा पेच पुढेच होता. जोडणी करणाऱ्या कारागिराने सुचविले की, साताऱ्याचा नेहमीचा फोनही याच एक्स्चेंजमधून या लाइनीला जोडला, तर सांगलीत बसून साताऱ्याच्या कोणत्याही दुकानदाराशी स्थानिक दरात बोलता येईल. काम किरकोळ, बचत मोठी. परंतु तारयंत्राचा हक्क १८८५ च्या कायद्याने सरकारचा. भाड्याची लाइन पेढीच्या अंतर्गत बोलण्यापुरती, सार्वजनिक जाळ्याशी जोडण्यास मनाई.

“अण्णा, कोणाला कळणार आहे?” धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी तत्त्वार्थसूत्राची आठवण दिली. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत खोट्या वजनमापांच्या शेजारीच ‘विरुद्धराज्यातिक्रम’ सांगितला आहे. “आपल्या काट्यात खोट ठेवतोस का? मग तारेत कशाला?”

दोन दिवस साताऱ्याहून फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो भाव विचारायला.

लाइन नियमाप्रमाणेच बसली. बाहेरचे फोन पूर्ण दराने होत राहिले. पावसाळ्यात तिचा निराळाच उपयोग झाला: कृष्णेचे पाणी साताऱ्याकडून सांगलीला येते, तेव्हा कोयना-धोमच्या विसर्गाची बातमी धाकट्यांकडून आधी पोहोचे आणि खालच्या थप्प्या वर चढत.

मार्च २००६ मध्ये देशभर एक रुपया मिनिट असा दर आला आणि भाड्याची लाइन परवडेनाशी झाली. ती परत करताना धाकट्यांनी, त्या जोडणीने किती रक्कम वाचली असती, याचा आकडा काढून अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी चष्मा लावून बेरीज तपासली. एक हातचा चुकला होता, तो दुरुस्त केला आणि कागद परत दिला.