फोटोतली नाटक कंपनी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, खुद्द केशवरावांची जयंती होती! पुढचे आठ दिवस मोबाईलवर दुसरं काही नव्हतं. काळ्या पडलेल्या भिंती, उघडं पडलेलं आढं, आणि त्यांच्या मध्येच कुणीतरी पाठवलेला केशवरावांचा जुना फोटो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. पंचेचाळिशीचा गृहस्थ, त्या नाट्यगृहात शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचलेला. म्हणाला, "बाई, रागावू नका, पण हे केशवराव नक्की कोण हो?"

मी रागावले नाही. नाव रोज तोंडात असलं की माणूस हळूहळू मागे पडतो. बिंदू चौक, महाद्वार, तसं 'केशवराव'. म्हणून इथे थोडं सविस्तर लिहिते. आणि लिहिताना पुस्तकांतले त्यांचे फोटोच समोर घेऊन बसले आहे.

केशवरावांचा जन्म १८९० चा, इथला, कोल्हापूरचाच. लहान वयात ते स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत गेले. त्या काळी गरीब घरातला गोड गळ्याचा मुलगा कंपनीत गेला की घरातलं एक तोंड कमी व्हायचं, आणि मुलाला दोन वेळचं जेवण आणि तालीम मिळायची. देवलांच्या 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेने या मुलाचं नाव झालं. जरठाशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख एक मुलगा गात होता, आणि बायाबापड्या डोळे पुसत होत्या.

या वयाचा त्यांचा फोटो माझ्या पाहण्यात नाही. जे पाहिले ते पुढचे. एकात ते स्त्रीवेषात आहेत. आमच्या लहानपणी घरातल्या बायका नऊवारीच नेसत, त्यामुळे कोण कसं नेसलंय इकडे माझं लक्ष आधी जातं. पण असा फोटो बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. हा नाटकाचा फोटो नव्हे. तेव्हा चालू प्रयोगात फोटो निघतच नसे म्हटलं तरी चालेल. काचेच्या प्लेटला भरपूर उजेड लागायचा आणि रंगमंचावर तेवढा उजेड नसायचा. मग नट मंडळी दिवसा पोशाख चढवून स्टुडिओत जायची आणि मागे रंगवलेला पडदा लावून, हलायचं नाही म्हणून ताठ उभी राहायची. म्हणजे ज्यांचं सगळं आयुष्य गळ्यावर चाललं, त्यांचं आपल्यापाशी उरलेलं चित्र तोंड मिटलेलं!

१ जानेवारी १९०८ ला केशवरावांनी हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' ही मंडळी काढली. वय मोजून पाहा. साडेसतरा! आमच्या वर्गातली या वयाची मुलं बारावीच्या अर्जावर सही कुठे करायची ते विचारायला येत. या मुलाने त्या वयात माणसं जमवली, पडदे-पोशाख केले आणि पन्नास तोंडांची जबाबदारी अंगावर घेतली. कंपनी म्हणजे फक्त गाणारे नट नव्हेत. पेटीवाला, तबलजी, सारंगीये, रंगभूषा करणारा, पडदे ओढणारे, आचारी, सामानाच्या पेट्या रेल्वेत चढवणारे... एक अख्खं गावच गावोगाव फिरायचं.

नुसतं गाऊन भागत नाही हे त्यांना लवकर कळलं असावं. त्यांनी रामकृष्णबुवा वझ्यांकडून गाण्याची तालीम घेतली. वीर वामनराव जोश्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' रंगभूमीवर आणलं आणि त्यात मृणालिनीची भूमिका केली. मामा वरेरकरांसारख्या नव्या लेखकाचं 'हाच मुलाचा बाप' हे हुंड्यावरचं नाटक घेतलं, मग 'संन्याशाचा संसार'. स्त्रीभूमिकांवर नाव झालेला नट पुढे पुरुष भूमिकांकडे वळला. फोटोंतही हे दिसतं. एकात पदर, दुसऱ्यात मिशी आणि डोक्याला पागोटं. डोळे मात्र तेच. मी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण नाही. माझी नात पुण्यात शिकते. तिच्या खोलीत एक इंग्रजी फोटो लावलेला आहे. बर्फ पडलेला, एका पुलावर लांब उभी असलेली चार मुलं, चेहरे धड दिसतही नाहीत. मी विचारलं, हे कोण? तर म्हणे मँचेस्टरचा 'जॉय डिव्हिजन' नावाचा बँड, 'पोस्ट-पंक' म्हणतात त्या प्रकारातला. केव्हिन कमिन्स नावाच्या फोटोग्राफरने जानेवारी १९७९ मध्ये हा फोटो काढला. तेव्हा त्यांची पहिली मोठी रेकॉर्डसुद्धा आली नव्हती. पुढच्याच वर्षी, मे १९८० मध्ये, त्यांचा गायक इयान कर्टिस गेला. वय तेवीस. राहिलेल्या तिघांनी 'न्यू ऑर्डर' या नावाने गाणं चालू ठेवलं. ती गाणी मला काही झेपली नाहीत हे सांगून टाकते. पण तो फोटो बघून मी नातीला म्हटलं, अगं, ही तर आमच्या ललितकलादर्शचीच गोष्ट!

खरंच तशीच. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! आणि नाटकाचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे पुन्हा आमच्याच भागातल्या माणसाचं. त्या रात्रीबद्दल म्हातारी माणसं अशी बोलायची की जणू स्वतः पहिल्या रांगेत बसली होती. आमच्या घरी तर दोन आजोबा 'वन्समोअर' कुणाला जास्त मिळाले यावरून भांडायचे. हिशेब केला तर तेव्हा दोघेही शाळेत असणार, आणि तेही कोल्हापुरात!

त्यानंतर तीन महिनेसुद्धा गेले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव वारले. वय एकतीस.

कंपनी मोडली असती तर नवल नव्हतं. पण बापूराव पेंढारकरांनी ती सावरली. १९२२ मध्ये वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' आलं. त्यासाठी पु. श्री. काळ्यांनी रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या खोलीसारखा देखावा उभा केला. बापूराव १९३७ मध्ये गेले, आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर उभे राहिले. भालचंद्रांचा जन्म नोव्हेंबर १९२१ चा, म्हणजे केशवराव गेल्यानंतर दोन महिन्यांच्या आतला. 'दुरितांचे तिमिर जावो', 'पंडितराज जगन्नाथ' आमच्या पिढीला माहीत आहेत ती त्यांच्यामुळे. ते २०१५ पर्यंत होते. सतरा वर्षांच्या पोराने काढलेली कंपनी किती माणसांनी किती वर्षं खांद्यावर वाहिली पाहा.

त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांचा फोटो बघताना मला नेहमी चुटपुट लागते. फोटोतल्या माणसाला पुढचं माहीत नाही, आपल्याला आहे. तो ताठ बसलाय, पोशाखाची घडी मोडू नये एवढीच त्याला काळजी.

असो. पण मला खरं बोलायचं आहे ते मागच्या रांगेबद्दल. मधल्या खुर्चीवरच्या माणसाचं नाव फोटोखाली छापतात, नाट्यगृहालाही देतात. नाट्यगृह जळालं तर जसं होतं तसं पुन्हा बांधायचं ठरतं, आणि ते योग्यच आहे. १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून शाहू महाराजांनी पुरं केलेली ती वास्तू आहे. मागच्या रांगेचं काय? तिला आग लागावी लागत नाही, ती आपोआप पुसली जाते.

आमच्याच घरचं सांगते. माझ्या आजीचा धाकटा भाऊ एका फिरत्या नाटक कंपनीत तबल्याला होता. ही कंपनी ललितकलादर्श नव्हे, बरीच लहान, चार-सहा वर्षांत बंद पडलेली. तिचा एक फोटो आमच्याकडे आहे. तीन रांगा, एकोणीस माणसं. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का, बाकी एक अक्षर नाही. गेल्या दिवाळीत तो मी आत्याच्या हातात दिला. आत्या ब्याण्णव वर्षांची, डोळ्याला दिसतं जेमतेम. भिंग लावून तिने बोट ठेवलं, "हा मामा." मग, "हा पेटीवाला. घरी यायचा, तिखट खायचा नाही." मग आणखी दोघे. चार नावं झाली. पाचव्यावर तिचं बोट बराच वेळ थांबलं आणि उचललं गेलं. "याने आम्हाला खाऊ आणला होता गं. नाव नाही आठवत."

पंधरा माणसं राहिली. त्यांतलाही कुणी सतरा वर्षांचा असेल, कुणाला वाटत असेल की पुढच्या मुक्कामी आपल्याला मोठी भूमिका मिळेल.

तेव्हा नातेवाईकांनो, तुमच्या ट्रंकांत अशी पुठ्ठ्यावर चिकटवलेली जुनी चित्रं असतील तर बाहेर काढा. घरातल्या सगळ्यात थोर माणसापाशी बसा आणि सांगतील ती नावं पाठीमागे मऊ पेन्सिलने लिहा. शाईचा पेन नको, डाग पुढे येतो. नाव आठवलं नाही तर 'खाऊ आणायचा' एवढं तरी लिहा. मी लिहिलंय. आणि आत्याकडे जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा. दुपारनंतर ती दमते.