डोलाऱ्याचे बेट

नाताळची सुटी जवळ आली म्हणजे सुशिक्षित कुटुंबांतून प्रवासाचा प्रश्न हल्ली ज्या हिरिरीने चर्चिला जातो, त्या हिरिरीने पूर्वी फक्त लग्ने चर्चिली जात. गेल्या नाताळात आमच्या घरच्या मुलामंडळींनी एकमताने अंदमानचा ठराव मांडला. समुद्र, पांढरी वाळू, बेटाबेटांतून फिरणारी जहाजे हे सर्व त्यांस हवे होते. आणि आम्हां वडीलधाऱ्यांचे तोंड बंद व्हावे म्हणून त्यांनी सेल्युलर तुरुंगही यादीत घातला होता. तो युक्तिवाद बिनतोड होता हे मान्य केले पाहिजे. १९०६ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या तुरुंगाच्या सात पाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. पण ज्या कोठडीत तात्याराव सावरकरांनी १९११ पासून वर्षेच्या वर्षे काढली ती पाहावी, असे कोणत्या मराठी माणसास वाटणार नाही?

तरीही आम्ही त्या ठरावास विरोध केला, आणि त्याचे कारण खर्च हे नव्हते. आमच्या एकत्र कुटुंबात लहानमोठी मिळून चौदा माणसे आहेत. मातोश्रींचे वय त्र्याऐंशी असून गुडघे त्यांच्या आज्ञेत नाहीत. त्या जाणार नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी थोरल्या वहिनी मागे राहणार, हे कोणी न बोलताही ठरल्यासारखेच होते. वहिनींना या घरात येऊन एक्केचाळीस वर्षे झाली. या काळात घरातून निघालेल्या सहलींची मोजदाद करता त्या एक तर मागे घर सांभाळीत राहिल्या, नाही तर सोबत आल्या आणि जेथे गेलो तेथे चूल मांडून बसल्या. महाबळेश्वरास आम्ही सूर्यास्त पाहत होतो तेव्हा त्या पिठले ढवळीत होत्या. ज्या सहलीस निम्मे घर जाते आणि निम्मे त्याची छायाचित्रे पाहते, तिला कुटुंबाची सहल म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटेना. तेव्हा आम्ही प्रतिठराव मांडला : बेटच पाहावयाचे ना? मग भद्रावतीस चला, तेथे बेट आहे. सर्वांनी जावयाचे, आणि घरच्या कोणीही स्वयंपाक करावयाचा नाही.

मुले हसली. नागपूरहून जांब, वरोरा करीत चंद्रपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे भद्रावती हे गाव त्यांनी मोटारीच्या खिडकीतून अनेकदा पाहिले होते. चंद्रपूर तेथून पुढे अवघे पंचवीस-सव्वीस किलोमीटर. दारूगोळ्याचा सरकारी कारखाना आणि आसपासच्या कोळशाच्या खाणी एवढीच त्यांची या गावाविषयी माहिती. आगगाडीच्या स्टेशनावर मात्र अजून ‘भांदक’ हेच जुने नाव आहे, आणि ते नाव इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ. स. ७७२ चा ताम्रपट येथलाच. मुलांस ताम्रपटाचे अगत्य नव्हते. वहिनींनी मात्र निमूटपणे स्टोव्ह, एक पातेले व भाजणीचा डबा गाडीत ठेवला. आम्ही कराराची आठवण दिली. “लागलेच तर असावे,” त्या म्हणाल्या. स्टोव्ह व पातेले आम्ही उतरवून ठेवले. डब्यावरचा हात त्यांनी काढला नाही.

प्रथम भद्रनागाचे दर्शन घेतले. ग्रामदैवत नागाचे असणे हे आपल्याकडे विरळाच. देवळात व आवारात जुन्या मूर्ती व कोरीव दगड आहेत. मातोश्रींनी तेथे दूध वाहिले.

तेथून विजासनची लेणी दोनेक किलोमीटरांवर आहेत. टेकडीच्या पोटात सुमारे सत्तर फूट लांबीची एक सरळ ओवरी खोदलेली असून तिच्या शेवटास गाभारा व त्यात बसलेल्या बुद्धाची भव्य मूर्ती आहे; उजव्या व डाव्या अंगास काटकोनात आणखी दोन ओवऱ्या निघतात, आणि त्यांच्याही टोकांस तशाच मूर्ती आहेत. वेरूळ-अजिंठ्याचे नक्षीकाम येथे नाही. आत शिरले की प्रकाश मागे पडतो, पुढे काळोख दाट होत जातो, आणि डोळे सरावल्यावर मूर्ती हळूहळू दिसू लागते. ही जागा निव्वळ प्रेक्षणीय नव्हे, ती पूजेची जागा आहे, ही गोष्ट पुष्कळ पाहुणे विसरतात. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा दिली आणि लगेच दोन दिवसांनी, १६ तारखेस, चंद्रपुरास. त्यामुळे या भागात बौद्ध कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि येथली भिंत त्यांच्या मेणबत्त्यांनी उजळते.

आम्ही गेलो तेव्हा असेच एक कुटुंब तेथे होते : एक वृद्ध बाई, त्यांचा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारा नातू. आमच्या आठ वर्षांच्या नातवाने मूर्ती पाहताच, आपले ज्ञान सर्वांस ऐकू जाईल अशा बेताने, जाहीर केले की हा विष्णूचा नववा अवतार. घरोघरी पाठ करविलेले दशावतार त्याने म्हणून दाखविले, त्यात त्याचा दोष नव्हता. क्षणभर कोणी बोलले नाही. मग तो कॉलेजातला मुलगा सौम्यपणे म्हणाला, “आम्ही तसं मानत नाही, बाळ. आमच्या बावीस प्रतिज्ञांतली एक तीच आहे.” आमचे धाकटे बंधू वादपटू आहेत, ते पुराणांतले आधार काढण्याच्या बेतात होते. पण मातोश्री आधी बोलल्या. “त्यांच्या घरी ते सांगतील ते खरं,” एवढेच म्हणून त्यांनी काठी पुढे टाकली. वाट खडबडीत व अंधारी होती. त्या वृद्ध बाईंनी एका हातात मेणबत्ती धरली, दुसरा मातोश्रींपुढे केला, आणि दोघी परस्परांस सांभाळीत गाभाऱ्यापर्यंत गेल्या. आम्ही मागे उभे होतो. दोघींच्या गुडघ्यांविषयी काही बोलणे चालले होते असे ऐकू आले. कोणते तेल चांगले, याबद्दल त्यांचे एकमत झाले नाही. मुलांस दोन्ही मते सांगावीत, पण ज्यांच्या देवघरात उभे आहोत त्यांचे मत आधी, असे आम्ही त्या दिवसापासून ठरविले आहे.

दुपारचे जेवण केशरिया पार्श्वनाथाच्या जैन तीर्थाच्या भोजनशाळेत झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वप्नात दृष्टांत होऊन ही प्राचीन मूर्ती रानात सापडली अशी कथा आहे, म्हणून तिला स्वप्नदेव म्हणतात. यात्रेकरूंच्या राहण्याची सोयही येथे आहे. कांदा-लसूण तर नाहीच, पण बटाटाही नाही, आणि रात्रीचे जेवण सूर्य मावळण्यापूर्वी. मातोश्रींस ही शिस्त अत्यंत पसंत पडली. वहिनींची मात्र पंचाईत झाली. ताट समोर आल्यावर त्या दोनदा वाढावयास उठल्या आणि दोनदा त्यांच्या सुनेने त्यांस हात धरून बसविले. गरम पोळी पहिल्या पंक्तीस आपल्या पानात पडते, हा अनुभव त्यांस बहुधा माहेर सोडल्यापासून नव्हता.

चार वाजता आम्ही डोलारा तलावावर गेलो. तलावात एक लहानसे बेट आहे, आणि काठापासून तेथवर जाणारा दगडी पूल हीच येथली खरी अपूर्वाई. मोठमोठ्या दगडी खांबांच्या रांगा पाण्यात उभ्या करून, त्यांवर आडव्या तुळया व त्यांवर शिळा टाकलेल्या आहेत. कमान मुळीच नाही. देवळाचा मंडप उभारण्याची जी जुनी रीत, तीच पाण्यावर आडवी नेल्यासारखी दिसते. ब्रिटिश पुराणवस्तु-अधिकारी कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात या गावच्या अवशेषांचे वर्णन करून ठेवले आहे, त्यात या पुलाचाही समावेश आहे. दुर्दैवाने खांबांवर नावे कोरणारे रसिकही कोठे कमी नसतात. मुलांनी खांब मोजण्यास प्रारंभ केला आणि प्रत्येकाची संख्या वेगळी निघाली.

बेटावर आम्ही मुलांस या गावाची कथा सांगितली. जैमिनी अश्वमेधातील यौवनाश्व राजाची भद्रावती ती हीच, असे येथले लोक मानतात. धर्मराजाच्या यज्ञासाठी श्यामकर्ण घोडा हवा होता आणि तो या राजापाशी होता. भीम, कर्णाचा पुत्र वृषकेतू आणि घटोत्कचाचा पुत्र मेघवर्ण असे तिघे निघाले, नगराबाहेर दबा धरून बसले, आणि घोडा तलावावर पाणी पिण्यास आणला गेला तेव्हा मेघवर्णाने मायेच्या बळावर तो उचलला. मुलांस तलाव समोरच दिसत होता. दोन मिनिटांत एक भीम, तीन मेघवर्ण व एक अनिच्छुक घोडा तयार झाला.

पुढची कथा वहिनींनी ऐकली. राजा हरला, मग पांडवांचा स्नेही झाला आणि श्रीकृष्णाच्या दर्शनासाठी सहकुटुंब हस्तिनापुरास निघाला. पण त्याची वृद्ध माता काही केल्या निघेना. मी गेले तर दूधदुभते कोण पाहील, कोठारातले धान्य दासी लुटतील, हेच तिचे पालुपद. अखेर राजाने तिला बळेच नेले. पुराणिक हा भाग मोठ्या रंगात सांगतात. संसारात गुंतलेल्या जीवाचे उदाहरण म्हणून श्रोते हसतात. आम्हीही ऐकताना हसलेलो आहो.

वहिनी हसल्या नाहीत. “नेली ते बरंच केलं,” त्या म्हणाल्या, “पण तिच्यामागे दुधाकडे कोणी पाहिलं का, ते लिहिलंय त्यात?”

ते ग्रंथात नाही. आम्ही तसे सांगितले. त्यांच्या सुनेने सांगितले की घरचे दूध शेजारी घेतील, फ्रिज रिकामा केला आहे, आणि पाणी कोणत्या वेळी भरावयाचे ते शेजारच्यांस लिहून दिले आहे. वहिनींनी हे सर्व दोनदा विचारून घेतले. मग त्या झाडाखाली पाय लांब करून बसल्या. पाण्यावर बगळे होते. सूर्य खाली येईपर्यंत, म्हणजे चांगला तासभर, त्या तशाच बसून होत्या. हातात विणकाम नव्हते, निवडावयास भाजी नव्हती. मुलांनी हाका मारल्या त्यांसही त्यांनी उत्तर दिले नाही. मातोश्री काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पूल त्यांस जमण्यासारखा नव्हता, पण तेथून त्यांस सगळे दिसत होते, आणि भीमास त्या अधूनमधून सूचना देत होत्या.

दुसऱ्या दिवशी गवराळ्याच्या वरदविनायकाचे दर्शन झाले. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. ताडोबाचा आग्रह तरुण मंडळींनी केला, आणि ते अरण्य तेथून जवळही आहे. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले, वाघांसाठी जगप्रसिद्ध असे. परंतु पहाटे चारला उठून उघड्या गाडीत हाडे खिळखिळी करून घेणे मातोश्रींच्याने होण्यासारखे नव्हते, म्हणून या खेपेस आम्ही ते वगळले. वाघांस त्याचे विशेष वाईट वाटले नसावे. तरुणांस वाटले, आणि त्यांनी ते बोलूनही दाखविले.

भाजणीचा डबा जसा गेला तसा परत आला. चार दिवसांनी वहिनींनी त्याच भाजणीची थालीपिठे लावली, आणि पहिले थालीपीठ, लोणी घालून, स्वतःच्या पानात घेतले.