तीन तासांची परीक्षा, साडेसात तासांची वाट



शिष्यवृत्ती परीक्षेच्या तयारीवर आपण सगळेच भरपूर लिहितो. सराव प्रश्नपत्रिका, बुद्धिमत्तेच्या युक्त्या, उत्तरपत्रिकेतले गोल कसे रंगवायचे, सगळं. आज मला त्याच दिवसाच्या उरलेल्या वेळाबद्दल लिहायचंय, कारण खेड्यातल्या मुलांच्या वाट्याला परीक्षेपेक्षा तो वेळच जास्त येतो.

हिशोब बघा. आम्ही गागोदे बुद्रुकचे. परीक्षा केंद्र पेणला. सकाळची मुक्कामी एसटी पकडली तर साडेसातला पेण. त्यानंतरची गाडी धरली आणि ती उशिरा आली तर पेपर गेला, म्हणून पहिलीच पकडायची. पहिला पेपर अकरा ते साडेबारा, दुसरा दोन ते साडेतीन. परतीची सोयीची गाडी सहाची. म्हणजे सकाळी साडेतीन तास, मध्ये दीड तास आणि शेवटी अडीच तास. परीक्षा तीन तासांची आणि वाट बघणं साडेसात तासांचं! आमच्या एका पोराने हे गणित गाडीतच सोडवलं होतं आणि वर विचारलं, "बाई, मग याचे मार्क कोण देणार?"

तेव्हा परीक्षा पाचवीला होती. माझ्याबरोबर नऊ मुलं. आधीच्या आठवड्यात पालकसभा घेतली आणि सांगितलं की दुसऱ्या पेपरनंतर मुलांना पेणमध्ये एका ठिकाणी घेऊन जाणार आहे. दोघातिघांना ते पटलं नाही. "बाई, आम्ही पोरांना परीक्षेला धाडतोय, फिरायला नाही," एक वडील म्हणाले. दुसरे म्हणाले, स्टँडवर बसवून ठेवा, नजरेसमोर राहतील. त्यांची काळजी खोटी नव्हती. रस्त्याला रहदारी, परकं गाव, नऊ मुलं आणि बाई एकटी. मी म्हटलं, तुमच्यापैकी एक जण सोबत चला. एका मुलाची आई तयार झाली आणि प्रश्न मिटला.

विमानाने जाणाऱ्यांचंही असंच होतं. माझी डीएडची एक मैत्रीण आता अमेरिकेत असते. एकदा तिला विमान बदलायला मेक्सिको सिटीत अकरा तास थांबावं लागलं. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर आपल्या लोकांना तिथे वेगळा व्हिसा लागत नाही, आणि विमानतळ शहरातच आहे. तरी ती दोन लेकरांना घेऊन खुर्चीवर बसून राहिली. परकी भाषा, परका देश. मी असते तर मीही हलले नसते. नंतर फोनवर मी तिला पांडुरंग खानखोजे यांच्याबद्दल सांगितलं. मूळचे वर्ध्याचे, इंग्रजांविरुद्ध गदर चळवळीत गेलेले. १९२०च्या दशकात ते मेक्सिकोत पोचले आणि तिथल्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मोठ्या चित्रकाराने मेक्सिको सिटीच्या मध्यावर, शिक्षण खात्याच्या इमारतीत भिंतीभर चित्रं काढली आहेत. त्यातल्या एका चित्रात जेवणाच्या मेजावर पाव मोडणारा माणूस म्हणजे खानखोजेच, असं मानलं जातं. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे आधी सांगितलं असतंस तर टॅक्सी करून गेले असते ना!"

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. भीती होतीच, पण उठून जावं असं एकही ठिकाण तिला माहीत नव्हतं. म्हणून पेणसाठी मी यादी वगैरे केली नाही. एकच ठिकाण ठरवलं, गणपतीचा कारखाना. आदल्या रविवारी स्वतः जाऊन मालकांना विचारून आले, स्टँडपासून चालत किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजलं, रस्ता कुठे ओलांडायचा ते बघून ठेवलं. पेणमध्ये ओळखीच्या एका शिक्षिकेचं घर वाटेवर होतं, तिला सांगून मुलींच्या बाथरूमची सोय केली. नव्या शिक्षकांनो, हे सगळ्यात आधी बघा. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. प्रत्येकाच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद. जोड्या लावलेल्या. बस्स.

सकाळच्या वेळात अर्धा तास उजळणी घेतली आणि पुस्तकं दप्तरात ठेवायला लावली. उरलेल्या वेळात गोष्ट सांगितली. आमच्या गावात गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. विनोबांचा जन्म गागोद्याचा, ११ सप्टेंबर १८९५. जन्मघर गावातच आहे, मुलं तिथे झाडलोटीला जातात, जयंतीला भाषणं करतात. पण भाषणात नेहमी भूदान आणि गीताई येते. मी त्यांना दुसरंच सांगितलं, आणि सांगू की नको असं आधी दोन दिवस मनात चाललं होतं.

कारण ही गोष्ट परीक्षेला निघून परीक्षेला न पोचलेल्या मुलाची आहे. १९१६ च्या मार्च महिन्यात विसाव्या वर्षी विनायक भावे बडोद्याहून मुंबईला इंटरच्या परीक्षेसाठी गाडीत बसले. सुरतेला गाडी थांबली. तिथे ते दोन मित्रांबरोबर उतरले आणि भुसावळमार्गे काशीला जाणारी गाडी धरली. वडिलांना पत्र टाकलं की परीक्षेला न जाता दुसरीकडे जातोय, पण वावगं काही करणार नाही, खात्री असू द्या. काशीत अन्नछत्रात दुपारी जेवायचे, तिथे दोन पैसे दक्षिणा मिळायची, त्यात रात्रीचं दही आणि रताळी. एका शाळेत महिना दोन रुपयांवर इंग्रजी शिकवलं. बाकीचा वेळ वाचन. एक मित्र परत गेला. दुसरा, बेडेकर, तिथेच आजारी पडून वारला. त्याचे अंत्यसंस्कार विनोबांनी गंगाकाठी स्वतः केले. खरं तर काशीही मधलाच थांबा होता, मन एकीकडे हिमालयात आणि दुसरीकडे बंगालच्या क्रांतिकारकांकडे ओढत होतं. तिथे गांधीजींच्या भाषणाबद्दल वाचलं, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला ते अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. हिमालयही राहिला आणि बंगालही.

अर्थातच प्रश्न आला. "बाई, मग आपण कशाला परीक्षा द्यायची? आपण पण उतरू या की वडखळला!" सगळे हसले. सोबत आलेली आई माझ्याकडे बघायला लागली.

मी म्हटलं, त्यांनी परीक्षा सोडली, अभ्यास नाही सोडला. तो माणूस आयुष्यभर भाषा शिकत राहिला. एवढं सांगून थांबले. मुलांचा काथ्याकूट त्यांचा त्यांनीच केला. एक म्हणाला, आईबाप रडले असतील. दुसरी म्हणाली, पण चिठ्ठी टाकली ना त्यांनी. पाच मिनिटं वाद झाला आणि शेवटी असं ठरलं की मधेच उतरायला हरकत नाही पण चिठ्ठी टाकायची. हा नियम मी केलेला नाही, पाचवीच्या वर्गाचा आहे!

साडेतीनला पेपर सुटला. उत्तरं जुळवत बसायचं नाही, असं आधीच बजावलं होतं. भेळ खाल्ली आणि चार वाजता कारखान्यात पोचलो.

फेब्रुवारीत गणपती, याचंच मुलांना नवल. त्यांना गणपती भाद्रपदात दिसतात, डोक्यावर रुमाल टाकून घरी येताना. पेणमध्ये आणि जवळच्या हमरापूर, जोहे गावांत हे काम वर्षभर चालतं. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर उन्हाळ्याच्या तोंडावरच भरायला घेतात, कारण त्या जहाजाने जातात. खोक्यांत कागदाच्या कपट्यांत बसवलेले गणपती बघून मुलं गप्पच झाली. सोंडेला वेगळा आधार, हाताला वेगळा. खोक्यावर बाण, कुठली बाजू वर ते सांगणारा. तिथल्या काकांनी शाडूचा एक तुकडा प्रत्येकाच्या हातात दिला आणि प्लास्टरचा एक तुकडा दिला. कुठला जड, कुठला हलका, पाण्यात टाकल्यावर कुठला विरघळतो, हे बादलीतच दाखवलं. पाचवीच्या परिसर अभ्यासाचे दोन तास मी खर्च केले असते, ते दहा मिनिटांत झालं.

मुलांनी विचारलं, अमेरिकेला पोचायला किती दिवस? काका म्हणाले, दीड-दोन महिने धरायचे. कधी कंटेनर वाटेतल्या बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवतात, तिथे पडून राहतो. "म्हणजे गणपतीला पण गाडी बदलायला लागते?" "लागते तर! आणि त्याला भेळ पण कोणी देत नाही," काका म्हणाले.

आमच्या नऊ जणांत एक कातकरी मुलगी होती. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाआधी येतात. त्या वर्षी परीक्षेसाठी तिला आजीकडे ठेवलं होतं. ठेवण्यासाठी मी तीन वेळा घरी गेले होते. परीक्षेआधीच्या आठवड्यात निरोप आला होता की पेपर झाला की तिला घेऊन जातो, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. हे तिलाही माहीत होतं.

बाकीची मुलं खोक्यांभोवती होती तेव्हा ही रंगकामाच्या कोपऱ्यात उभी. तिथे बायका बसून रंग देत होत्या. एक जण पितांबराचा काठ ओढत होती, एका श्वासात एक रेघ. डोळ्यांची आखणी मात्र एकाच म्हाताऱ्या कारागिराकडे. मूर्ती एकामागून एक त्यांच्यासमोर येत होत्या, ते डोळे काढत होते आणि मूर्ती पुढे सरकत होती. ती मुलगी पाऊण तास हलली नाही. कारागिराने एक फुटकी मूर्ती आणि बारीक ब्रश तिच्या हातात दिला. तिने एक भुवई काढली. त्यांनी बघितली आणि म्हणाले, हात थरथरत नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. थोड्या वेळाने विचारलं, "बाई, तिथं कामाला लागायला किती शिकावं लागतं?"

ज्या दिवसासाठी मी वर्षभर धडपडले त्याच दिवशी हा प्रश्न. कलेक्टर व्हायचंय, असं तिने म्हणावं अशी माझी काही अपेक्षा नव्हती, तरी क्षणभर अडखळले. मग म्हटलं, हिशोब यायला हवा, नाहीतर मजुरीत फसवतात, आणि खोक्यावरचा पत्ता वाचता यायला हवा. ती म्हणाली, वाचला मी. न्यू जर्सी होतं.

सकाळची गोष्ट सांगताना जे मुलांसमोर बोलले नाही ते तुमच्याशी बोलते. विनोबा सुरतेला उतरले तेव्हा त्यांच्या मागे बडोद्यातलं घर होतं, वडिलांची नोकरी होती, कॉलेज होतं. उतरायचं त्यांनी ठरवलं. आमच्या या मुलीला दरवर्षी मधेच उतरवतात, आणि तेही तिला न विचारता. दोघांच्या बाबतीत आपण 'शाळा सोडली' असेच शब्द वापरतो, तेवढं मला खटकतं. हजेरीपटावर दोन्हीला एकच खूण असते.

पुढच्या सोमवारी वडील आले. मी भांडले नाही. भट्टीवर उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय त्यांनाही सुटका नसते. स्थलांतरित मुलांसाठीचं शिक्षण हमी कार्ड भरून दिलं, भट्टीजवळच्या शाळेत दाखवायला सांगितलं, आणि त्या शाळेच्या शिक्षकांचा नंबर शोधून स्वतः बोलले. ते म्हणाले, पाठवा, बघतो. जाताना तिने वहीतला कागद आजीकडे ठेवला होता, तो दुसऱ्या दिवशी मला मिळाला. भट्टीवर चालले आहे, पावसाच्या आधी येते, कारखान्यातल्या बाबांना सांगा, एवढाच मजकूर. खाली पेन्सिलीने एक डोळा काढलेला, चांगला मोठा.

त्या नऊ जणांत शिष्यवृत्ती एकालाच मिळाली. ती मुलगी यादीत नव्हती. तिची हजेरी त्या शाळेत सव्वीस दिवस लागली, हे त्या शिक्षकांनी कळवलं.

आता परीक्षा पुन्हा चौथीला आली आहे. मुलं आणखी लहान, म्हणजे सोबत दोन पालक तरी लागणार. कारखान्याच्या मालकांना विचारलं तर म्हणाले, चारच्या आधी आणा, नंतर आमच्या बायका घरी जायला निघतात. दुसऱ्या पेपरनंतर साडेतीनला निघून चारच्या आत पोचायचं तर भेळ गाडीतच खावी लागेल. सोबत येणाऱ्यांत एक नाव आजीचं आहे, त्या मुलीच्या. मला गणपती बघायचाय म्हणतात.