नळी अरुंद, पेशी थोड्या

आमच्या प्रयोगशाळेत ब्रश सायटॉलॉजीची स्लाइड येते तेव्हा सोबत एक फॉर्म असतो. त्यावर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं : ‘सीबीडी स्ट्रिक्चर. मॅलिग्नन्सी?’ सीबीडी म्हणजे यकृताकडून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळी, निरोगी माणसात जेमतेम सहा-सात मिलिमीटर रुंदीची. ती कुठे आवळली गेली की पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, रात्र रात्र झोप लागू नये अशी खाज सुटते. नळी कशानं आवळली गेली आहे, हे मात्र या लक्षणांवरून ठरत नाही. फॉर्मवरचं प्रश्नचिन्ह त्याचं असतं.

त्याच्या उत्तरावर रुग्णाचं पुढचं सगळं ठरतं. नळीच्या खालच्या टोकाला कॅन्सर असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया : स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग), पित्ताशय आणि नळीचा खालचा भाग एकत्र काढायचा. यकृताच्या तोंडाशी असेल, म्हणजे गेराल्ड क्लॅट्स्किन यांनी १९६५ साली वर्णन केलेल्या जागी, तर नळीबरोबर यकृताचाही मोठा हिस्सा जातो. तेच आकुंचन क्षयाच्या गाठींनी आलं असेल तर एकेटी, म्हणजे क्षयावरच्या गोळ्या हा मुख्य उपचार. पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये नळी दुखावलेली असेल, खड्यांनी सुजली असेल, जुन्या पॅन्क्रियाटायटिसनं, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेनं, आवळली असेल, तर वाट आणखी वेगळी. आपल्या देशात यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर लहानपणीच बंद पडलेले रुग्णही दिसतात. तिच्याभोवती तयार झालेल्या फुगीर शिरा नळी दाबतात, आणि तिथे ब्रश फिरवण्याआधी रक्तस्रावाचा विचार करावा लागतो. यकृताच्या तोंडाशी कॅन्सर समजून केलेल्या शस्त्रक्रियांत, काढलेल्या भागात कॅन्सर नसण्याचं प्रमाण जगभर साधारण शंभरात पाच ते पंधरा असं नोंदलं गेलं आहे. चूक उलट झाली तर ऑपरेशनची वेळच निघून जाते.

पेशी मिळवण्यासाठी ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनळीपर्यंत पोचण्याची तपासणी) करणारा डॉक्टर दुर्बीण ड्युओडेनमपर्यंत नेतो, नळीत तार सरकवतो आणि तिच्यावरून इवलासा ब्रश आकुंचनात नेऊन पुढे-मागे घासतो. ब्रशला जे चिकटतं ते काचेवर पसरून काच लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायची. इथे कुणी रेंगाळलं की थर वाळतो, केंद्रकं फुगून मोठी दिसतात आणि वाचणाऱ्याला नसतं भय घालतात. म्हणून जमेल तेव्हा मी स्वतः एंडोस्कोपीच्या खोलीत जाऊन उभी राहते. ब्रशचं टोकही कापून द्रावणात टाकायला लावते. काचेवर न उतरलेल्या पेशी पुष्कळदा त्यातच मिळतात.

रंग दिलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की आधी पित्ताचे सोनेरी-तपकिरी कण दिसतात, मग पेशींचे पुंजके. नळीच्या निरोगी अस्तराच्या पेशी मधमाशांच्या पोळ्यासारख्या निघतात : कडा स्वच्छ, केंद्रकं गोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. कॅन्सरमध्ये ही रचना विस्कटते. केंद्रकं एकमेकांवर चढतात, त्यांच्या कडांना खाचा पडतात, आतलं क्रोमॅटिन कुठे गोळा होतं तर कुठे विरळ. एकाच पुंजक्यात एक केंद्रक शेजारच्याच्या चौपट भरतं. बाजूला एखादी सुटी पेशी पडलेली असते, तिच्यात केंद्रकाशिवाय फारसं काही उरलेलं नसतं. हे सगळं एकत्र दिसलं की मी ‘कॅन्सर’ असं लिहिते, आणि ब्रशवरून आलेला असा ठाम ‘आहे’ क्वचितच खोटा ठरतो.

अडचण ‘नाही’ची आहे. पित्तनलिकेचा कॅन्सर फार चिवट तंतू तयार करतो. त्या तंतूंत त्याच्या पेशी थोड्या आणि विखुरलेल्या असतात, आणि पुष्कळदा तो अस्तराच्या खालून पसरतो. ब्रश खरवडतो तो फक्त वरचा थर. त्यामुळे एकट्या ब्रशनं जेमतेम निम्मे कॅन्सर सापडतात. चिमट्यानं तुकडाही घेतला तर आकडा थोडा वाढतो. आता नळीत बारीक दुर्बीण घालून डोळ्यांनी बघत तुकडा घेता येतो, पेशींमधली गुणसूत्रं फिश तपासणीनं मोजता येतात. दोन्हींचा उपयोग आहे, पण खर्च सगळ्यांना झेपत नाही. म्हणून ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’ या माझ्या वाक्याचा अर्थ तेवढाच घ्यावा. त्यानं कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही.

आणि स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट करून देणारी बारीक पोकळ नळी! कावीळ चढलेली असते, घरचे घाबरलेले असतात, कुठेतरी घाईनं स्टेंट बसवला जातो आणि एमआरआय त्यानंतर होतो. तोवर नळी रिकामी होऊन मिटलेली असते, भिंत सुजलेली असते, आणि नेमकं कुठून कुठपर्यंत आवळलं आहे हे वाचणं रेडिऑलॉजिस्टला जड जातं. माझीही तीच गत. स्टेंटच्या घर्षणानं चिडलेल्या पेशींची केंद्रकं मोठी होतात, ठळक होतात, कॅन्सरच्या अगदी जवळ जातात. स्टेंट होता हे फॉर्मवर नसेल तर मी कशाच्या आधारावर वाचायचं? अशा काचेवर मी ‘एटिपिकल’ किंवा ‘संशयास्पद’ लिहिते. मग एंडोस्कोपीवाला मित्र फोन करतो, “अगं, हो की नाही ते सांग ना.” त्याची घाई मला समजते, रुग्ण त्याच्यासमोर बसलेला असतो. तरी काचेवर जेवढं आहे तेवढंच मी लिहिणार. ही मधली वर्गवारी २०२२ च्या डब्ल्यूएचओ पद्धतीतही आहे, ती याचसाठी.

कॅन्सरची खूण म्हणून रक्तात मोजलं जाणारं सीए १९-९ हा प्रश्न सोडवील असं पुष्कळांना वाटतं. पित्त तुंबलं, नळीत जंतुसंसर्ग झाला की ते नुसत्या त्यानंच वाढतं. काही लोकांच्या शरीरात ते जन्मतःच तयार होत नाही. कावीळ उतरल्यावर पुन्हा तपासलेला आकडाच थोडाफार विश्वासाचा.

साठीच्या एका गृहस्थांची काच आठवते. फॉर्मवर नेहमीचीच ओळ. पेशी थोड्या, सुजेच्या, निरुपद्रवी. सीटीत स्वादुपिंड किंचित जाड, सर्जनचा कल ऑपरेशनकडे. जुनी फाईल मागवली तर त्यांच्या मुलीनं पिशवीतून आधीच्या वर्षीचा एक कागद काढला : जबड्याखालच्या लाळग्रंथी दोन्हीकडून सुजल्या होत्या. त्या एका कागदानं विचारांची दिशा बदलली. लाळग्रंथी, स्वादुपिंड आणि पित्तनलिका एकाच माणसात धरणारा एक आजार आहे. स्वादुपिंडाच्या अशा सुजेत रक्तातलं आयजीजी-४ हे प्रतिपिंड वाढलेलं असतं, हे जपानी डॉक्टरांनी २००१ साली दाखवलं. यांचंही वाढलेलं निघालं. पण कॅन्सरमध्येही ते कधीकधी थोडं वाढतं, म्हणून तेवढ्यावर न थांबता तुकडा घेऊन त्यात आयजीजी-४ च्या पेशी मोजल्या, मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा स्कॅन झाला. नळी मोकळी होत होती. नसती झाली, तर कॅन्सरचा विचार पुन्हा पुढे आणावा लागला असता, आणि तशी तयारी ठेवलेली होती.

माझं मत स्पष्ट आहे : या आकुंचनाचं निदान एकट्या काचेवर करू नये, एकट्या स्कॅनवरही करू नये. सर्जन, एंडोस्कोपी करणारा, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एका टेबलाशी बसले पाहिजेत.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे की फॉर्मवर चार गोष्टी लिहाच : स्टेंट होता का, खडे होते का, ताप होता का, आधी कोणतं ऑपरेशन झालं. आणि वाचकांना एवढंच : घरात कुणाला अशी कावीळ झाली असेल तर, रुग्णाला थंडी वाजून ताप नसेल आणि थांबण्याइतका वेळ असेल तेव्हा, स्टेंटच्या आधी एमआरसीपी (पित्तनळीचा एमआरआय) होईल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. जुने कागद टाकू नका. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही आला म्हणून पुढची तारीख चुकवू नका.