खालचं नाव

परवा सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या आत्याचा कापूसवेचणीवरचा मजकूर फिरत आला. वर दुहेरी बाण, खाली ‘साभार : व्हॉट्सॲप’. ‘तुमची माई’ ही अखेरची ओळ कुणीतरी उडवली होती. आत्या जाऊन वर्षही झालेलं नाही.

खानदेशातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिने जन्मभर मुलांचे निबंध तपासले. स्वतः लिहायला लागली ती निवृत्तीनंतर, फेसबुकवर. रफार कसा काढायचा, हे तिने मला विचारलं होतं. आधी र, मग पायमोड, मग पुढचं अक्षर. तिने एका बोटाने ‘सूर्य’ उमटवला आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. तो चेहरा विसरता येत नाही.

संपादकाला तिने कधीच काही पाठवलं नसतं. इथे मात्र जुना विद्यार्थी लगेच विचारायचा, ‘बाई, पुढे काय झालं?’ की दुसऱ्या दिवशी पुढचा भाग तयार.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आईची गाणी जपली, १९५१मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. नाव बहिणाबाईंचंच. तुकोबांनी तर नाव अभंगातच ओवून ठेवलं.

व्हॉट्सॲपने २०१८मध्ये ‘फॉरवर्डेड’चा शिक्का आणला. मजकूर फिरून आलाय हे त्यावरून कळतं, कुणाचा ते कळत नाही. आणि नाव आपोआप गळत नाही. तेवढी ओळ सोडून बाकीचं उचलावं लागतं. असं करणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

हल्ली तिचं जुनं लेखन क्रमाने वाचतोय. सुरुवातीच्या मजकुरात नुसतं ऊन पडतं. रफार जमल्यावर सूर्य उगवतो, गर्दी होते, वर्षं सरतात. कळफलकाने अडवलेले शब्द एकेक करून परत आले. हा अभ्यासाचा विषय आहे. दिवाळी अंकांवर प्रबंध होतात, तसे फेसबुकच्या या भिंतींवरही व्हायला हवेत, खालच्या प्रतिक्रियांसकट. कारण पुढचा भाग त्यांनीच लिहून घेतलेला असतो.

पण त्यासाठी लेखन शिल्लक राहायला हवं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. तिथल्या मराठी कम्युनिटींवर आम्ही रात्र रात्र कविता टाकायचो. माझ्याकडे त्यातली एकही नाही.

तुमच्या घरात कुणी असं लिहीत असेल, तर कंपनीच्या भरवशावर राहू नका. छापून घ्या, तारीख घाला, आणि नाव ठळक अक्षरांत लिहा.