पुनरुक्तीचा दोष

सूरजागड परिसरातील एका पोलीस मदत केंद्रावर नेमणुकीस असलेला एक शिपाई काही वर्षांपूर्वी बहिःस्थ विद्यार्थी म्हणून मराठी शिकत होता. एका चकमकीनंतर त्याची झोप गेली होती. लिहून काढल्यास बरे वाटेल, हा सल्ला माझाच. त्याने वही आणून दिली. तीत ‘त्याने पाणी मागितले होते’ हे वाक्य चार ठिकाणी आले होते. तीन ठिकाणचे मी खोडले आणि समासात ‘पुनरुक्ती’ असा शेरा लिहिला.

त्याच सुमारास मी वर्गात दण्डी शिकवीत होतो, हे सांगताना संकोच वाटतो. अनुकंपेसारख्या भावाचा अतिशय विवक्षित असेल तर पुनरुक्ती दोष न ठरता अलंकार ठरते, असे ‘काव्यादर्शा’त आहे. पण शिपायाचे वाक्य अलंकारही नव्हते. विवक्षा म्हणजे सांगण्याची इच्छा. आणि इथे इच्छेचा प्रश्नच नव्हता. युद्धातून परतलेल्यांच्या स्वप्नांविषयी फ्रॉइडने १९२० मध्ये लिहिले ते या जातीच्या पुनरावृत्तीविषयी. माणूस प्रसंग आठवत नसतो, त्यात पुन्हा सापडत असतो.

“सर, तुम्ही तीन खोडलीत,” तो म्हणाला. “रात्री ते मोजून येत नाही.”

त्याची मराठी घडली ती फिर्याद आणि पंचनाम्यात. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. अशा प्रत्येक घटनेचे कागद होतात: वेळ, अंतर, काडतुसांची संख्या. त्या गद्यात पुनरुक्ती नसते, आणि बोलणारा माणूसही नसतो. शेरा मारताना मी त्याच्याकडून नकळत आणखी एक पंचनामाच मागत होतो.

घरी तो माडिया बोलतो. सूरजागडचा पहाड बाहेरच्यांना ठाऊक आहे तो लोहखनिजामुळे आणि डिसेंबर २०१६ मध्ये तिथे जाळल्या गेलेल्या वाहनांमुळे; त्याच्या आईच्या लेखी तो ठाकूरदेवाचा पहाड. तिला त्याने हाच प्रसंग माडियात सांगितला, तेव्हा ती प्रत्येक वाक्याला हुंकार देत राहिली. तेच वाक्य पुन्हा आले तरी हुंकार चुकला नाही. कथनमीमांसेत आपण निवेदकाचे इतके प्रकार पाडले. हुंकार देणाऱ्याविषयी मात्र फारसे लिहिले नाही. लेखनाने आघात हलका होतो का, याचा प्रयोग जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. चार दिवस लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आरोग्यकेंद्रातील फेऱ्या पुढील काही महिन्यांत कमी झाल्या होत्या. या पद्धतीत पुढे रूढ झालेली सूचना अशी, की व्याकरणाची व शुद्धलेखनाची चिंता करू नये. मराठीच्या अध्यापकाने ती भिंतीवर लावावी अशी आहे!

मी वही परत केली. पुन्हा लिही, या वेळी हाती पेन न घेता वाचीन, असे सांगितले. दोन महिन्यांनी ती आली. वाक्य आता सात वेळा होते. सहा वेळा जसेच्या तसे. सातव्यांदा ते थोडे पुढे गेले होते: ‘त्याने पाणी मागितले होते आणि बाटली माझ्याकडे होती.’

मी ते त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. तो मान हलवीत होता. झोप लागते का, हे मी विचारले नाही. वहीच्या शेवटच्या पानावर, विनंती बदलीचा अर्ज कसा लिहावा, असा प्रश्न होता. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केला.