चाकांवरचे घर आणि कडोदऱ्याचा मुक्काम

प्रवासलेख म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे डोंगर, किल्ले, समुद्रकिनारे आणि जुनी देवालये उभी राहतात. कडोदरा येथे यांपैकी काहीही नाही. सुरत शहराच्या पूर्वेस सुमारे पंधरा किलोमीटरांवर, पलसाणा तालुक्यात असलेले हे गाव पाहावयास कोणी मुद्दाम जात नाही. कोठे तरी जाताना ते वाटेत लागते. मुंबईहून अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांस छेदतात. जुने लोक त्या महामार्गास अद्यापि 'आठ नंबरचा रस्ता' म्हणतात. सरकारी दप्तरी त्याचा क्रमांक आता ४८ आहे. बारडोलीचा रस्ता पुढे व्यारा, सोनगड, नवापूर असा करीत धुळ्यास पोहोचतो. त्यामुळे खानदेशच्या माणसास सुरतेचे दार म्हणजे कडोदऱ्याची चोकडी असेच वाटत आले आहे. सुरतेच्या लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत राहणाऱ्या कित्येक मराठी कुटुंबांचे बापजादे याच वाटेने पोट भरावयास गेले.

आज तेथे कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने आहेत, औद्योगिक वसाहत आहे आणि शेजारीच चलथाणचा सहकारी साखर कारखाना आहे. साहजिकच मालमोटारींची दाटी फार. पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश, महाराष्ट्र, तामिळनाडू अशा अनेक प्रांतांच्या पाट्या आम्ही तेथे एकाच रांगेत वाचल्या. कोणाला माल भरावयाचा असतो, कोणाला उतरवावयाचा असतो. मोठ्या शहरांत दिवसा जड वाहनांस प्रवेशबंदी असते, म्हणून कित्येकांना रात्र होईपर्यंत शहराबाहेरच थांबावे लागते. या थांबलेल्या गाड्यांत माणसे राहतात, जेवतात, निजतात. तेथून चालत जाताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहिला: ज्याचे घरच चाकांवर आहे, त्याच्या मुक्कामाची व्यवस्था कोणी करावयाची?

हाच प्रश्न विलायतेत निराळ्या लोकांनी विचारलेला आहे. तेथे हौसेने तंबू ठोकून राहणाऱ्यांचे संघ फार जुने आहेत. १८८५ साली डॉ. गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थाने केवळ प्रवासाच्या आनंदासाठी घोड्यांनी ओढावयाचे एक फिरते घर बांधून घेतले. १९०१ मध्ये सायकलीवरून तंबू घेऊन हिंडणाऱ्यांचा संघ निघाला आणि १९०७ मध्ये फिरत्या घरांच्या मालकांनी आपला संघ स्थापिला. या संघांनी देशभर मुक्कामाच्या जागा तयार केल्या. १९६० च्या कायद्यान्वये अशा मान्यताप्राप्त संघांना लहान जागांस परवानगी देता येऊ लागली. तेथे सभासदांची पाचपर्यंत फिरती घरे उभी राहू शकतात. एखाद्या शेतकऱ्याचे मोकळे शेतही अशा रीतीने प्रवाशांच्या उपयोगी पडले.

पुढे मोटारघरे आली. फिरते घर मोटारीच्या मागे जोडलेले असते. मोटारघरात मात्र इंजिन, स्वयंपाकघर आणि बिछाना हे सर्व एकाच गाडीत असते. वरवर पाहता भेद थोडा. परंतु मुक्कामाच्या दृष्टीने तो फार मोठा ठरतो. मागे घर जोडून येणारा मनुष्य ते घर आठवडाभर एका जागी ठेवतो आणि मोटार सोडवून बाजारहाट करून येतो. मोटारघराच्या मालकास पावशेर दूध आणावयाचे झाले तरी अवघे घर हलवावे लागते. म्हणून त्यास गावाजवळची जागा हवी असते. त्याची गाडी जड. पावसाळी हिरवळीत चाके रुततात, म्हणून त्यास टणक जमीन हवी. तो बहुधा एकच रात्र राहतो आणि पुष्कळदा उशिरा पोहोचतो. त्यास ठरावीक वेळेचे बंधन आणि निदान दोन रात्री राहण्याची अट जाचक वाटते. गाडीच्या तळाशी साठलेले सांडपाणी सोडून देण्यास त्यास योग्य गटार लागते. जुन्या संघांच्या कित्येक जागा तंबू व जोडघरे यांचाच विचार करून आखलेल्या होत्या. म्हणून वर्गणी आम्हीही भरतो, मग सोय मात्र दुसऱ्यांचीच का, अशी मोटारघरवाल्यांची तक्रार असते.

तक्रारीत तथ्य आहे, तसेच संघांचेही काही म्हणणे आहे. सहकुटुंब येऊन आठ दिवस शांतपणे राहू इच्छिणाऱ्या सभासदांची झोपमोड मध्यरात्री आलेल्या इंजिनाने का व्हावी? २०१७ साली त्या १९०७ च्या संघाने आपल्या नावातच मोटारघराचा समावेश केला. नाव एका सभेत बदलता येते. जागा बदलावयास मात्र पैसा व काळ लागतो. फ्रान्समध्ये पुष्कळ ठिकाणी ग्रामसंस्थांनीच पुढाकार घेतला आहे. गावाच्या कडेला टणक जागा, पाण्याचा नळ व सांडपाण्याचे गटार करून देतात. प्रवासी एक-दोन रात्री राहतो, गावच्या दुकानातून पाव व भाजी घेतो आणि पुढे जातो.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली फिरत्या घरांच्या पर्यटनाविषयी धोरण जाहीर केले. तरीही अशा गाड्यांसाठी मुद्दाम सिद्ध केलेल्या जागा आपल्या देशात मोजक्याच आहेत. आपल्याकडील हौशी मोटारघरवाला रात्री थांबतो तो बहुधा पेट्रोल पंपावर, नाही तर ढाब्याच्या अंगणात. म्हणजे तो वस्तुतः ट्रकचालकांचा पाहुणा असतो. ट्रकचालकांसाठी आपोआप जी व्यवस्था उभी राहिली, तीच त्याच्या उपयोगी पडते. म्हणून ती व्यवस्था बरी की वाईट, हे कडोदऱ्यासारख्या ठिकाणीच पाहिले पाहिजे.

आम्ही तेथील एका ढाब्यावर सायंकाळी थांबलो. चांगले तेवढे प्रथम सांगतो. कोणी केव्हाही येवो, त्यास कोणी वेळ विचारीत नाही. जमीन टणक असते. जेवणाऱ्यास निजावयास बाज मिळते आणि तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. अंगणात पाण्याचा हौद असतो; दिवसभराच्या धुळीने माखलेला चालक त्यावर तांब्या-तांब्याने अंघोळ करतो, कपडे धुतो आणि गाडीच्या आरशावर वाळत घालतो. चार गाड्या एकत्र उभ्या राहिल्या म्हणजे एकमेकांची राखण होते. विलायतेतील मोटारघरवाला ज्या गोष्टींसाठी संघाकडे अर्ज करतो, त्यांपैकी निम्म्या येथे अर्जावाचून मिळतात, ही गोष्ट आपल्या लोकांच्या व्यवहारचातुर्याची साक्ष देते.

परंतु उरलेल्या निम्म्या गोष्टींचे काय? शौचकूप असले तरी त्यास धड दार नसते, दार असले तर पाणी नसते. स्नानाला आडोसा नसतो. मग ज्याच्याबरोबर पत्नी आहे, त्याने काय करावे? निजलेल्या चालकाच्या गाडीतून डिझेल काढून नेण्याचे प्रकार महामार्गांवर घडतात. म्हणून क्लीनर गाडी सोडीत नाही आणि त्याची झोप अर्धवट राहते. सांडपाणी रस्त्याकडेच्या चरात जाते. अंगण भरले म्हणजे मागून येणाऱ्या गाड्या महामार्गाच्या कडेलाच उभ्या राहतात. अंधारात उभ्या ट्रकवर मागून वाहन आदळून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तेव्हा ज्याला नीट झोप मिळाली नाही तो चालक आणि ज्याला उभे राहावयास जागा मिळाली नाही ती गाडी, ही दोन्ही केवळ ट्रकवाल्यांची चिंता नव्हे. त्याच रस्त्याने आपली मुले शाळेच्या बसमधून जातात.

कायद्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ व आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली होती आणि जेथे कामगारांना रात्री थांबणे भाग पडते तेथे मालकाने विश्रांतीच्या खोल्या ठेवाव्यात असे सांगितले होते. परंतु तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांस लागू होता आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक फार. ज्याची स्वतःची एकच गाडी आणि तिचेही हप्ते फिटावयाचे, तो मालक विश्रांतीची खोली कोठे बांधणार? तो स्वतःच त्या गाडीत निजतो.

अलीकडे सरकारी तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' या नावाने चालकांसाठी निवारे उघडले आहेत. निजावयाच्या खाटा, स्वच्छ शौचालय, पिण्याचे शुद्ध पाणी, स्वतः रांधून खाण्याची जागा आणि अंघोळीचा हौद अशी त्यांची योजना आहे. १ डिसेंबर २०२४ पर्यंत ३६८ ठिकाणी ४,६११ खाटा झाल्या होत्या. अंघोळीच्या हौदाचा त्यात समावेश केला, यावरून योजना आखणाऱ्यांनी ढाब्याचे अंगण लक्षपूर्वक पाहिले असावे असे वाटते. उपक्रम स्तुत्य आहे. पण देशाच्या विस्ताराकडे पाहता एवढ्या खाटा म्हणजे घागरीतील ओंजळ होय. तसेच २०२५ पासून नव्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असण्याची सक्ती झाली. हेही चांगले झाले. तथापि ते थंड वारे बहुतेक गाड्यांत इंजिन चालू असेपर्यंतच वाहते. रात्रभर डिझेल जाळून निजणे कोणास परवडणार? तेव्हा गाडी कितीही सुधारली तरी मुक्कामाच्या जागेची गरज सरत नाही.

कडोदऱ्याच्या आसपास मुक्कामाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मराठी वाचकांनी विसरू नये. दिवाळीच्या सुमारास डांग, खानदेश या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या दक्षिण गुजरातेत उतरतात व उन्हाळ्यापर्यंत राहतात. कित्येक खानदेशी कुटुंबे बैलगाडीसह येतात. त्यांच्या वस्तीस पडाव म्हणतात. बांबूच्या कामट्यांवर प्लास्टिकचा कागद ताणला की घर झाले. तेथेच चूल, तेथेच बाळंतपण, तेथेच मुलांचे खेळणे. हौशी लोक ज्या गोष्टीस तंबूतील आनंद म्हणतात, ती या बायामाणसांस सहा महिने सक्तीने भोगावी लागते. पाणी, शौचाला आडोसा, रात्री दिवा: त्यांच्या मागण्या मोटारघरवाल्याच्या मागण्यांहून वेगळ्या नाहीत. भेद इतकाच की त्यांचा संघ नाही, वर्गणीची पावती नाही आणि तक्रार लिहून धाडावयास पत्ता नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, मुक्कामाची जागा कशी असावी हे हौशी प्रवाशावरून ठरवू नये. ज्याला सर्वांत अधिक रात्री रस्त्यावर काढाव्या लागतात त्याच्यावरून ठरवावे. मोटारघरांसाठी चार मनोहर बागा केल्या तर ट्रकचालकास फाटकाच्या आतही घेणार नाहीत. परंतु टणक जमीन, पाणी, दार असलेले शौचकूप, सांडपाण्याचे गटार, दिवा आणि राखणदार एवढे चालकांसाठी केले, तर मोटारघरवाल्याची सोय त्यातच होऊन जाईल.

आपल्यापैकी मनोर, चारोटी, तलासरी यांसारख्या महामार्गालगतच्या गावांत राहणाऱ्या किंवा नवापूरकडील रस्त्यावर वस्ती असलेल्या कुटुंबांनी यात काही करणे अशक्य नाही. फ्रान्समधील लहान गावे जे करतात ते आपल्या ग्रामपंचायतींच्याही आवाक्यातले आहे. गावठाणाच्या कडेची पडीक जागा मुरूम टाकून दाबून घ्यावी, स्त्रियांसाठी वेगळी मोरी व शौचकूप बांधावे, रात्रीचा राखणदार नेमावा आणि माफक आकार घेऊन त्याची पावती द्यावी. गावातील दोघा-तिघांना त्यातून काम मिळेल. भाजी, दूध, अंडी यांस गिऱ्हाईक मिळेल. ज्या घरातील मुलगा चालक आहे, त्या घरातील आईला या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. तो आज रात्री कोणत्या गावाच्या कडेला गाडी लावून निजला असेल, हा विचार तिच्या मनात रोज येत असतोच. ग्रामसभेत हा विषय कोणी काढावयाचा असेल, तर तो तिनेच काढावा, अशी आमची सूचना आहे.